बोअरच्या पाण्यात सगळे चिनी चहा सारखेच लागायचे

आमच्याकडे, वर्धा जिल्ह्यात, चहा म्हणजे अद्रक कुटून दूध-साखरेत उकळलेला. मला मात्र चिनी सुट्या पानांचा नाद लागला. हांगझौचा हिरवा लाँगजिंग, फूच्येन प्रांतातला ऊलाँग (हिरव्या आणि काळ्याच्या मधला) तिएग्वानयिन आणि आनह्वेचा काळा चीमेन शेजारी ठेवून चाखले, तर तिन्ही सपक. चीमेनवर तर तेलकट दिसणारा तवंग, कपाला तपकिरी कडा.

तवंगावरूनच शंका आली. चमच्याने लिंबाचे थेंब टाकले, तवंग विरला. म्हणजे बोअरचं जड, क्षारांचं पाणी! त्यातलं कॅल्शियम, बायकार्बोनेट आणि चहातले पॉलिफेनॉल (तुरटपणा देणारे घटक) मिळून ही साय धरतात. किटलीच्या तळाचा पांढरा थर त्याच क्षारांचा.

मग आरओचं कॅन आणलं. निव्वळ आरओत चहा उघडाबोडका लागतो, म्हणून तीन भाग आरओत एक भाग बोअरचं, उकळून निवळलेलं पाणी घातलं. (तुमच्या बोअरला प्रमाण वेगळं लागेल.) लाँगजिंगला सुमारे ८० अंश, तिएग्वानयिनला ९५, चीमेनलाही तेवढंच. तुलनेसाठी मात्र पानं, पाणी आणि वेळ सगळ्यांना सारखी: १०० मिलीला २ ग्रॅम, सोनाराच्या छोट्या काट्यावर तोलून.

आता लाँगजिंगात भाजलेल्या हरभऱ्याचा वास स्पष्ट येतो, तिएग्वानयिन फुलासारखा दरवळतो. चीमेन मला अजूनही फारसा भावत नाही. आईला मात्र तोच आवडला, दूध घालून.