पोरक्या घरातला कर्ता: भावंडांच्या मालिकेची बांधणी

अपघाताच्या सीनने सुरुवात करू नका. आई-वडील गमावलेल्या भावंडांची मालिका लिहायला बसलं की पहिला मोह तिथेच होतो: पावसाळी रात्र, वाजणारा फोन, पाठोपाठ रडणारे चेहरे. यात दहा मिनिटं जातात आणि भावंडांविषयी काहीच कळत नाही, कारण त्या रात्री सगळे सारखेच रडतात. माणसामाणसांतला फरक दिसतो तो काही महिन्यांनी. भेटायला येणाऱ्यांची वर्दळ आटलेली असते, शाळेतून पालकांच्या सहीसाठी कागद आलेला असतो, शेंडेफळाला ताप असतो आणि सकाळी साडेसातला कुणीतरी घरी थांबायलाच हवं असतं. मालिका तिथे उघडा.

अमेरिकेच्या फॉक्स वाहिनीवर १२ सप्टेंबर १९९४ रोजी सुरू झालेली 'पार्टी ऑफ फाइव्ह' अशीच उघडते. तिचे निर्माते ख्रिस्तोफर कीझर आणि एमी लिपमन. सॅन फ्रान्सिस्कोतल्या सॅलिंजर भावंडांचे आई-वडील दारू पिऊन गाडी चालवणाऱ्या माणसामुळे गेले, पण हे सगळं पहिल्या भागाच्या आधीच घडून गेलेलं आहे. ६ सीझन आणि १४२ भाग चाललेली ही मालिका ३ मे २००० रोजी संपली. या प्रकारचं लेखन शिकायला ती आजही फार उपयोगी आहे, तिच्या चुकांसकट. म्हणून पुढची उदाहरणं तिच्यातलीच घेतली आहेत.

वयं

पात्रांची नावं नंतर ठरवा, आधी वयं. सॅलिंजरांच्या घरात चार्ली २४ वर्षांचा, बेली १६, ज्युलिया १५, क्लॉडिया ११ आणि ओवन तान्हा. हे आकडे विचारपूर्वक निवडलेले आहेत. कायद्याने सज्ञान फक्त चार्ली आहे आणि घर चालवण्याची इच्छा सगळ्यांत कमी त्यालाच आहे. घराची जाण बेलीला आहे, पण त्याच्या सहीला किंमत नाही. कायद्याचा अधिकार एकाकडे आणि अंगची लायकी दुसऱ्याकडे, अशी विभागणी झाली की मालिका स्वतःच्या पायावर चालू लागते. प्रत्येक भागात एकच प्रश्न वेगवेगळ्या रूपात येतो: आज या घरात कर्ता कोण?

थोरल्याचं वय २१ ते २५च्या दरम्यान ठेवा. तो तिशीचा आणि स्थिरस्थावर असेल तर पहिल्याच भागात बाप होऊन बसतो. १८चा असेल तर 'याच्याकडे मुलं द्यायची का' यावरच अर्धा सीझन कोर्टात जातो. मधली दोन भावंडं पाठीला पाठ लावून आलेली असावीत, म्हणजे हक्कांवरून भांडण कधीच मिटत नाही. १० ते १२ वर्षांचं एक मूल हवंच. त्याला सगळं समजतं आणि कुणी काही सांगत नाही, त्यामुळे घरातलं खोटं तेच पकडतं. तान्हं मूल म्हणजे या घराचं घड्याळ. त्याला एकटं सोडता येत नाही, म्हणून कुणीही रागाने घरातून निघून जाताना आधी 'मग बाळापाशी कोण?' हा प्रश्न येतो.

भावंडं किती? तिघांत जोडीची नाती ३ होतात, चौघांत ६, पाचांत १० आणि सहांत १५. तिघांवर लांब मालिका तोलत नाही, तेच भांडण पुन्हा पुन्हा येतं. सहाच्या पुढे गेलात तर प्रत्येक भागात दोघंजण नुसते जिन्यावरून वर-खाली करताना दिसतील. चार किंवा पाच हा आकडा योग्य.

कामांचा तक्ता

सगळ्यांत जास्त वेळ इथे द्या. मोठ्या कागदावर आठवड्याचे सात रकाने आखा आणि घरातली कामं एकाखाली एक लिहा: बाळाला उठवणं, डबे, शाळेत सोडणं-आणणं, कपडे, औषधं, बिलं, पालकसभा, रात्री दाराला कडी लावणं. २५च्या आसपास कामं निघतात. प्रत्येकापुढे एका भावंडाचं नाव लिहा आणि तक्ता खोलीत डोळ्यांसमोर टांगा.

आता त्यातलं एक नाव खोडा. बेलीचा सामना आहे, ज्युलियाला मुलाखतीला जायचं आहे, थोरला रात्री घरी आलाच नाही. ते काम कुणाच्या गळ्यात पडतं, त्याचं काय बुडतं, आणि तो ते बोलून दाखवतो की गिळतो? एवढ्यातून एका भागाची वनलाइन, म्हणजे एका ओळीतली गोष्ट, तयार होते. पहिल्या सीझनच्या २२ भागांपैकी निदान १२ भाग या तक्त्यातून यावेत. बाहेरून आणलेली संकटं दमदार वाटतात, पण ती कुठल्याही घरात चालतात. पालकसभेला १६ वर्षांचा मुलगा 'पालक' म्हणून जाऊन बसणं फक्त याच घरात घडू शकतं.

संवादही या कामांच्या भाषेत लिहा. 'आई-बाबा गेल्यापासून मीच तुम्हा सगळ्यांना सांभाळतोय!' हे वाक्य पहिल्या खर्ड्यात हमखास येतं. ते खोडा आणि त्याच्या जागी असं काही येऊ द्या:

'सहीचा कागद फ्रिजवर लावलाय. उद्या शेवटची तारीख आहे.'
'मागच्या वेळी कुणी केली होती सही?'
'मीच. बाबांसारखी.'
'जमली?'
'कुणी विचारलं नाही.'

दुःखाचं नावही न घेता ते इथे येऊन बसलेलं आहे.

पैसा आणि कायदा

घराचा महिन्याचा जमाखर्च खरोखर मांडा: आत किती येतं, बाहेर किती जातं, तोंडमिळवणी किती रकमेने चुकते. हा फरक प्रत्येक लेखकाला पाठ हवा. सॅलिंजरांना वडिलांचं रेस्टॉरंट आहे. ते मिळकतीचं साधन आहे आणि आठवड्यातून एकदा सगळ्यांनी एका टेबलावर जेवायची जागाही. एकाच सेटमध्ये पैसा, वारसा आणि एकत्र येण्याचं कारण, तिन्ही बसवलं आहे.

बहुतेकदा गोची होते ती पैशाच्या अडचणीचा शेवट करताना. अचानक विम्याचे पैसे येतात, जुना मित्र कर्ज देतो, आणि अडचण संपते. दोन-तीनदा असं झालं की प्रेक्षक पैशाच्या सीनमध्ये घाबरायचा थांबतो. तिसऱ्या भागात कमी पडलेली रक्कम सातव्या भागात कुणाला तरी भोवली पाहिजे: विकलेली गाडी परत येत नाही, सोडलेला क्लास सुटलेलाच राहतो.

कायद्याचा एक बारकावा फार कामाचा आहे. कॅलिफोर्नियासारख्या ठिकाणी अज्ञान, म्हणजे १८ वर्षांखालच्या, मुलाचा सांभाळ करणारा पालक आणि त्याच्या मालमत्तेचा पालक या दोन वेगळ्या नेमणुका असतात, आणि त्या दोन वेगळ्या माणसांकडे जाऊ शकतात. थोरल्याकडे मुलं आणि वडिलांच्या मित्राकडे पैशाची सही, अशी मांडणी केली की प्रत्येक खर्च हा संवादाचा सीन होतो. गोष्ट जिथे घडते तिथला कायदा मात्र वकिलाकडून आधी तपासून घ्या.

आणि पहिल्याच भागात एका प्रश्नाचं उत्तर द्या: मामा, काका, आजी कुठे आहेत? उत्तर दोन ओळींचं चालेल, पण ते नसेल तर प्रेक्षक पुढचे दहा भाग तेच विचारत राहतो.

भागाची बांधणी

जाहिराती वगळून ४५ मिनिटांचा भाग धरला तर ३० ते ३५ सीन पुरतात. मुख्य ट्रॅकला, म्हणजे कथानकाच्या मुख्य धाग्याला, साधारण १४, दुसऱ्याला ९, तिसऱ्याला ५-६, उरलेले सगळ्यांना एकत्र आणणारे. पाचही भावंडं एका चौकटीत असतील असा एक तरी सीन प्रत्येक भागात हवा. तो अगदी शेवटी ठेवू नका. शेवटी ठेवला की तो समेटाचा होतो, आणि दर आठवड्याला समेट झाला तर पुढच्या आठवड्यासाठी काही उरत नाही. दोन-तृतीयांश भाग झाल्यावर सगळ्यांना टेबलाशी बसवा, तिथे गोष्ट फिस्कटू द्या आणि राहिलेल्या वेळात दोघा-दोघांना वेगवेगळ्या खोल्यांत एकमेकांशी बोलू द्या.

आई-वडील

गेलेल्या माणसांना देव करू नका. भिंतीवरच्या हार घातलेल्या फोटोशी बोलणारी मुलं लवकर कंटाळवाणी होतात. आठवण वस्तूत आणि सवयीत ठेवा. क्लॉडिया व्हायोलिन वाजवते, आईही वाजवायची. त्यामुळे तिचा प्रत्येक रियाज आईविषयीच असतो, तसं कुणी म्हणत नसलं तरी. तिसऱ्या सीझनमध्ये बेली दारूच्या आहारी जातो आणि त्याला अडवताना वडिलांचंही दारूशी तसंच नातं होतं हे बाहेर येतं. ज्या व्यसनापायी आई-वडील गेले तेच घरात आधीपासून होतं! दोन सीझन मुलांनी जपलेलं चित्र त्या एका माहितीने बदलतं. असं एक गुपित पहिल्या दिवशी ठरवून ठेवा आणि किमान ४० भाग उघडू नका.

अपघाताला जबाबदार असलेला माणूस पहिल्याच सीझनमध्ये थँक्सगिव्हिंगच्या, म्हणजे कुटुंबाने एकत्र जेवायच्या अमेरिकन सणाच्या, भागात समोर येतो. त्याला खलनायक केलेलं नाही, आणि म्हणूनच भावंडांत फूट पडते. भेटायचं की नाही, यावर पाचांची पाच मतं होऊ शकतात.

तान्ह्या मुलाचं चित्रीकरण

लेखकाला हे माहीत नसेल तर दिग्दर्शक अडचणीत येतो. कॅलिफोर्नियाच्या नियमांत १५ दिवस ते ६ महिन्यांच्या बाळाला सेटवर जास्तीत जास्त २ तास ठेवता येतं आणि प्रत्यक्ष काम फक्त २० मिनिटं. ६ महिने ते २ वर्षांच्या मुलासाठी ४ तास आणि त्यात काम २ तास. म्हणूनच अशा भूमिकेसाठी जुळी मुलं घेतात. लिहितानाच बाळाचे सीन भागाला तीन-चारवर आणा, त्यांतही बाळ पाठमोरं किंवा झोपलेलं असेल तर बाहुलीवर निभावतं. बाकी हजेरी आवाजातून द्या: वरच्या मजल्यावरचं रडणं, जिन्यात पडलेलं खेळणं. ११ वर्षांच्या मुलीलाही शाळेच्या दिवशी ५ तासच काम आणि ३ तास अभ्यास, तेव्हा एका दिवसात तिचे आठ सीन लावू नका.

मूल वाढतं हेही हिशेबात धरा. सहा वर्षांत तान्ह्याचं शाळेत जाणारं पोर होतं आणि कलाकार बदलावा लागतो. कथेतल्या तारखांचा वेगळा तक्ता ठेवला नाही तर चौथ्या सीझनपर्यंत वाढदिवसांचा गोंधळ होतो.

कुठे बिघडतं

'पार्टी ऑफ फाइव्ह'ला सुरुवातीला प्रेक्षक कमी होते. १९९६ साली सर्वोत्कृष्ट नाट्यमालिकेचा गोल्डन ग्लोब मिळाला आणि मालिका टिकली. पण पुढे तिसऱ्या सीझनला व्यसन, चौथ्यात चार्लीला हॉजकिन्सचा कर्करोग, पाचव्यात ज्युलियाला मारहाण करणारा मित्र अशी संकटांची रांग लागली. एकेक ट्रॅक चांगला लिहिलेला आहे, तरी रांग म्हणून पाहिलं तर घर मागे पडतं. २४ भागांत मोठं संकट एकच ठेवा. प्रेमप्रकरणांचाही तोच धोका, कारण ती भावंडांना घराबाहेर नेतात. प्रियकर-प्रेयसीला चौथ्या भेटीपर्यंत स्वयंपाकघरात आणा आणि तक्त्यातलं एक काम द्या.

२०२०च्या नव्या आवृत्तीत अकोस्टा भावंडांचे आई-वडील मेलेले नाहीत, त्यांना मेक्सिकोला परत पाठवलेलं आहे. १० भागांनंतर ती थांबली, तरी तिची बांधणी नीट पाहा. आई फोनवर आहे, त्यामुळे थोरल्याचा प्रत्येक निर्णय पलीकडून पुन्हा तपासला जातो. तुमच्या मालिकेत पालक जिवंत पण दूर असतील, तर कर्तेपणाची ओढाताण भावंडांच्या आत राहत नाही, फोनच्या दोन टोकांत होते. तक्त्यात आईसाठीही एक रकाना आखावा लागेल.

सीझन संपताना तो पहिला तक्ता परत काढा आणि नव्या कागदावर पुन्हा भरा. निम्म्याहून जास्त कामांपुढे तीच नावं असतील तर शेवटचे चार भाग पुन्हा लिहायला घ्या.