पुठ्ठ्याची डबी शिकताना: माप, खळ आणि वाळवणं

हातानं केलेली शोभेची डबी पाहिली की नजर आधी वरच्या कागदाकडे जाते. म्हणून शिकायला येणारा प्रत्येक जण सुंदर कागद घेऊन येतो आणि पहिल्याच दिवशी तो वाया घालवतो. डबी चांगली होणार की नाही हे कागद लावायच्या कितीतरी आधी ठरतं. पुठ्ठा काटकोनात कापला का, त्याचा ग्रेन (म्हणजे आतल्या तंतूंचा कल) कुठल्या दिशेनं आहे आणि चिकटवलेली गोष्ट नीट वाळू दिली का, या तीन गोष्टींवर सगळं उभं आहे. निदान पहिल्या पाच डब्यांना तरी साधा खाकी कागद लावा. जयपूरजवळच्या सांगानेरचा सोनेरी छपाईचा ताव त्यानंतर काढा.

पुठ्ठा म्हणजे ग्रे बोर्ड घ्यायचा, तोही २ मिमी जाडीचा. वजनात तो साधारण १२०० ते १३०० जीएसएम (चौरस मीटरला इतके ग्रॅम) भरतो. दीड मिमीच्या पुठ्ठ्याच्या भिंती कागद वाळताना ओढल्या जाऊन वाकतात आणि ३ मिमीचा हाताच्या कटरनं सरळ कापणं नव्या माणसाला जमत नाही. पिवळसर स्ट्रॉबोर्ड स्वस्त असतो, पण कापताना त्याच्या कडेचे पापुद्रे सुटतात. पार्सलच्या खोक्याचा नालीदार पुठ्ठा सरावालासुद्धा नको, कारण त्याची कड दबते आणि माप हातात राहत नाही. पुण्यात रविवार पेठेत हे सामान मिळतं, मुंबईत अब्दुल रेहमान स्ट्रीटच्या बाजूला. ताव गुंडाळून आणू नका. एकदा बाक आलेला पुठ्ठा पुन्हा सपाट होत नाही.

ग्रेन ओळखणं सोपं आहे. ताव दोन्ही हातांत धरून आधी लांबीकडून आणि मग रुंदीकडून हलका वाकवा. ज्या बाजूनं सहज वाकतो, तिथे तंतू वाकण्याच्या रेषेला समांतर असतात. कागदाची एक चिंचोळी पट्टी एका बाजूनं ओली केली तरी कळतं, ती तंतूंच्या दिशेभोवती गोल वळते. भिंतींचा ग्रेन नेहमी लांबीच्या दिशेनं ठेवा, तळ आणि झाकणाचाही लांबीकडूनच. एकाच डबीत उभा-आडवा ग्रेन मिसळला की प्रत्येक तुकडा वेगळ्या दिशेला ओढतो आणि महिन्याभरात झाकण डुगडुगतं.

आता एक माप धरून बोलू. आतून १५० × १०० मिमी, उंची ६० मिमी. तळ भिंतींच्या आत बसवायचा. म्हणजे तळाचा तुकडा बरोबर १५० × १०० चा. भिंतींची उंची ६० अधिक तळाची जाडी २, म्हणजे ६२. लांब भिंती १५० × ६२ च्या दोन आणि आडव्या भिंती १०४ × ६२ च्या दोन, कारण आडव्या भिंतीला दोन्ही लांब भिंतींची जाडी झाकायची असते. हे चार मिमी विसरणं ही नव्या लोकांची पहिली चूक. चारही भिंती सुट्या मोजून कापू नका. ६२ मिमी रुंदीची एकच लांब पट्टी काढा, सव्वापाचशे मिमी पुरते, आणि तिचेच चार तुकडे करा. उंचीत अर्ध्या मिमीचाही फरक राहत नाही.

कापण्यासाठी १८ मिमी पानाचा कटर, स्टीलची जाड पट्टी आणि सुताराकडे असतो तसा काटकोन तपासायचा गुण्या. प्लास्टिकची पट्टी कटर खातो. पट्टीच्या खालच्या बाजूला पॉलिश पेपरची पातळ चकती चिकटवली की ती सरकत नाही. पहिला हात फक्त रेघ पाडायला, जोर न लावता. मग चार-पाच हातांत पुठ्ठा सुटतो. एका दमात कापायला गेलात की पान कलतं आणि कड तिरपी होते. कड तिरपी झाली की जोडात पाचर राहते आणि ती फट वरच्या कागदातून कायम दिसते. पान बोथट झाल्याची खूण म्हणजे कापताना येणारा करकर आवाज आणि कडेला फुटणारा धुरळा. दोन-तीन डब्यांमागे पानाचा एक तुकडा मोडायलाच हवा. पानाची काटकसर करून पुठ्ठा वाया जातो.

जोडताना फेविकॉल घट्टच वापरा, पाणी न घालता. तळाच्या लांब कडेला बारीक धार सोडा, लांब भिंत लावा, मग आडवी, मग दुसरी लांब, शेवटी दुसरी आडवी. प्रत्येक कोपरा आतून गुण्यानं तपासा आणि बाहेरून मास्किंग टेपनं ओढून धरा. आत ओघळलेलं फेविकॉल ओल्या बोटानं तेव्हाच पुसून घ्या. वाळलेला थेंब अस्तराखाली खड्यासारखा वर येतो. अर्ध्या तासानं टेप काढा, कडा पॉलिश पेपरनं एकाच दिशेनं घासा आणि चारही उभ्या कोपऱ्यांवर खाकी कागदाच्या २५ मिमी पट्ट्या चिकटवा. शोभेला त्यांचा उपयोग नाही. डबी हातातून पडली तर कोपरा उघडू नये, यासाठी त्या आहेत.

खळ आणि कागद

मोठ्या पृष्ठभागावर नुसतं फेविकॉल चालत नाही. ते लवकर ओढतं आणि कागद सरकवून बसवायला वेळच देत नाही. पुस्तकांचे बायंडर वापरतात ती मैद्याची खळ इथे सगळ्यात चांगली. ५० ग्रॅम मैदा थोड्या गार पाण्यात कालवून गुठळ्या मोडा, एकूण ३५० मिली पाणी होईल असं बाकीचं पाणी घाला आणि मंद आचेवर ढवळत राहा. पाच-सात मिनिटांत पांढरा रंग जाऊन खळ अर्धपारदर्शक होते. गार झाल्यावर गाळून घ्या आणि तेवढंच फेविकॉल मिसळा. कसर लागू नये म्हणून बायंडर खळीत मोरचूद (कॉपर सल्फेट) घालतात. ते विषारी आहे. स्वयंपाकाचं भांडं वापरायचं नाही, ॲल्युमिनियम किंवा लोखंडाचं तर नाहीच, कारण मोरचूद त्या धातूंना खातं. काचेच्या बरणीत चिमूटभर विरघळवून मग खळीत घाला. तिळगुळाच्या किंवा मिठाईच्या डबीसाठी मोरचूद पूर्ण टाळा. फेविकॉल मिसळायच्या आधीची मोरचुदाशिवायची खळ फ्रीजमध्ये तीन-चार दिवस टिकते. आंबट वास आला की टाकून द्यायची.

कागद ८० ते १२० जीएसएमचा हवा. भेटवस्तू गुंडाळायचा पातळ कागद खळ पितो आणि त्यावर डाग उठतात. चकचकीत लॅमिनेशनचा कागद उलट काहीच पीत नाही, वाळायच्या आधीच गुंडाळत सुटतो. सगळ्यात समाधानानं काम करता येतं ते हातकागदावर. पुण्यात शिवाजीनगरला १९४० मध्ये सुरू झालेली हातकागद संस्था आहे. जुन्नर आणि दौलताबादजवळचं कागजीपुरा ही नावं तर हातकागदासाठी त्याच्या कितीतरी आधीपासून माहीत आहेत. सुती चिंध्यांपासून केलेल्या कागदाचे तंतू लांब असतात, म्हणून तो कोपऱ्यावर दुमडताना फुटत नाही. हातानं उचललेल्या तावात ग्रेन जवळपास नसतो, त्यामुळे तो ओला झाल्यावर दोन्ही बाजूंनी सारखा पसरतो. गडद लाल, निळा किंवा काळा कागद असेल तर ओलं बोट फिरवून बघा. बोटाला रंग लागला तर तो कागद आतल्या अस्तराला लावू नका, वाणात दिलेल्या वस्तूला डाग पडेल.

आपल्या डबीचा बाहेरचा घेर २ × (१५४ + १०४), म्हणजे ५१६ मिमी. जोडाला १० धरून पट्टी ५२६ लांब. उंचीत भिंतीचे ६२, तळाखाली दुमडायला १५ आणि वर कडेवरून आत जायला २०, म्हणजे ९७. हातकागदाच्या २२ × ३० इंची तावातून ही पट्टी अखंड निघते. खळ कागदाला लावायची, पुठ्ठ्याला नाही. ब्रश मधून कडांकडे फिरवा. लावल्यावर अर्धा ते एक मिनिट कागद तसाच राहू द्या. त्याला ओलीनं जेवढं पसरायचं तेवढं तो या वेळात पसरतो. घाई केली तर तो डबीवर गेल्यावर पसरतो आणि चुण्या तिथेच पडतात. सुरुवात मागच्या भिंतीवर, कोपऱ्यापासून १० मिमी आत करा. जोड नेमका कोपऱ्यावर आला तर रोजच्या हाताळणीत तिथूनच कागद उचकटतो. एकेक भिंत टेकवत डबी फिरवा आणि वर कोरा कागद ठेवून बोन फोल्डरनं (कागद घोटायच्या हाडाच्या चपट्या पट्टीनं) घोटा. थेट रंगीत कागदावर घोटलं तर चकाकीचे पट्टे उमटतात.

सगळ्यात जास्त डब्या बिघडतात त्या वरच्या चार आतल्या कोपऱ्यांत. बाहेरचा घेर ५१६ आणि आतला ५००. म्हणजे आत वळणारा कागद १६ मिमीनं जास्त आहे, प्रत्येक कोपऱ्यात चार. तो काढला नाही तर तिथे गाठ होते आणि झाकण तिथेच अडतं. म्हणून कोपऱ्याच्या रेषेवर वरून खाली चीर द्या, पण पुठ्ठ्याच्या कडेपासून ३ मिमी वर थांबा. अगदी कडेपर्यंत चीर गेली तर पुठ्ठ्याचा राखाडी कोपरा उघडा पडतो. चिरेच्या दोन्ही बाजूंनी दोन-दोन मिमी कागद काढा आणि थांबलात तिथला छोटा तुकडा नखानं कोपऱ्यात दाबून बसवा. मग दोन्ही दुमडी आत वळवा. या एका हालचालीचा सराव फुकट गेलेल्या कातरणांवर वीस-पंचवीस वेळा करावा. तळाखाली कोपऱ्यांना ४५ अंशात कापा आणि वरून १५२ × १०२ चा तुकडा लावून दुमडी झाका.

अस्तर वगळू नका. ओला कागद पसरलेल्या अवस्थेत चिकटतो आणि वाळताना आकसतो, आकसताना पुठ्ठ्याला आपल्याकडे ओढतो. नुसता बाहेरून कागद लावलेली भिंत म्हणूनच कडेला बाहेर उलगडल्यासारखी होते. आतून तशाच वजनाचा कागद लागला की दोन्ही ओढ एकमेकींना धरतात. भिंतींचं अस्तर ५१० × ६८, त्यात ५८ भिंतीला आणि १० तळावर. वरून दोन मिमी जागा मोकळी सोडायची. शेवटी तळाचं अस्तर, १४८ × ९८.

झाकण

झाकणाचं आतलं माप डबीच्या बाहेरच्या मापापेक्षा दोन मिमीनं जास्त, म्हणजे १५६ × १०६. वरचा तुकडा तेवढाच, खोली २५ धरली तर लांब पट्ट्या १५६ × २७ आणि आडव्या ११० × २७. दोनच का? १२० जीएसएमचा कागद साधारण ०.२ मिमी जाड. एका बाजूला डबीवरचा एक थर, झाकणाच्या आत वळलेला एक आणि अस्तराचा एक, असे तीन थर, दोन्ही बाजूंनी मिळून १.२ मिमी. उरलेल्या जागेत झाकण अलगद उतरतं. हातकागद ०.३ मिमी जाडीचा असेल तर हेच १.८ होतात, मग तीन मिमी जास्त ठेवा. झाकण फारच घट्ट झालं तर आतली हवा निघत नाही आणि उघडताना डबीच उचलली जाते. त्यावर उपाय म्हणून झाकणाच्या लांब बाजूंना २० मिमी व्यासाचा अर्धगोल कापतात. तो जोडण्याआधी सुट्या पट्टीवर कापायचा, नंतर नीट निघत नाही.

वाळवताना पंखा आणि ऊन दोन्ही नको. एक बाजू आधी वाळली की बाक ठरलेला. डबीत बसेल असा लाकडी ठोकळा कोऱ्या कागदात गुंडाळून आत ठेवा आणि सावलीत चोवीस तास सोडा. वर्तमानपत्र वापरलं तर शाई उतरते. कोकणात, मुंबईत पावसाळ्यात अठ्ठेचाळीस तास धरा. त्याआधी झाकण लावून ठेवलं तर ओल आत कोंडते आणि आठवड्यात बुरशीचे करडे ठिपके दिसतात.

पेनस्टँड करायचा असेल तर कापडाच्या दुकानातल्या ताग्याची पुठ्ठ्याची नळी सोयीची, सात-साडेसात सेंमी व्यासाची मिळाली तर उत्तम. उंची १० सेंमी पुरे. नवी पेन्सिल साडेसतरा सेंमी असते, ती निम्म्याहून जास्त आत राहिली तर स्टँड कलंडत नाही. तरी हलका वाटला तर तळात पुठ्ठ्याच्या तीन-चार चकत्या किंवा लोखंडी वॉशर चिकटवा. लेस, गोटा, आरसे हवे ते लावा, पण ग्लू गननं चकचकीत कागदावर लावलेली वस्तू सुटते. तिथे आधी पॉलिश पेपरनं जागा खरवडून घ्या.

हे काम पोटापाण्यासाठी करायचं असेल तर वर्षाचं गणित रुखवत, संक्रांतीचं वाण आणि दिवाळी यांच्याभोवती फिरतं. ३१ × ४१ इंची तावातून वरच्या मापाच्या दहा डब्या हिशेबानं बसतात, प्रत्यक्षात आठ धरा. नव्या हाताला पहिल्या डबीला तीन तास लागतात. एकाच मापाच्या दहा एकत्र केल्या, आधी सगळं कापणं, मग सगळं जोडणं, मग सगळं कागदकाम, तर नऊ-दहा तासांत होतात, वाळायचा वेळ सोडून. किंमत सांगताना साहित्य, हे तास आणि नासधुशीचे दहा टक्के धरा. बरेच जण फक्त कागदाचा खर्च धरतात आणि दुसऱ्याच ऑर्डरला थकून जातात. नमुना दाखवल्याशिवाय आणि निम्मी रक्कम आगाऊ घेतल्याशिवाय पन्नास डब्यांचा पुठ्ठा कापू नये. ऑर्डरच्या तारखेतून वाळवण्याचे दोन दिवस आधीच वजा करून ठेवा.

पहिली ऑर्डर घेण्याआधी एक परीक्षा स्वतःच घ्या. दहा सारख्या डब्या करा, झाकणं वेगळी काढून मिसळून टाका आणि कुठलंही झाकण कुठल्याही डबीवर लावून बघा. एकच झाकण सगळीकडे अडत असेल तर त्याच्या आतल्या कोपऱ्यात गाठ आहे. एकाच डबीवर सगळी झाकणं तिरपी बसत असतील तर ती डबी गुण्यात नाही. एका दिशेनं बसतात आणि फिरवून लावली की अडतात, असं झालं तर समोरासमोरच्या दोन भिंती सारख्या लांबीच्या कापल्या गेलेल्या नाहीत. दहाही झाकणं दहाही डब्यांवर आपल्या वजनानं सावकाश खाली उतरली, की सोनेरी ताव काढायला हरकत नाही.