जुलाब लागलेल्या मुलाला आधी ओआरएस, मग शहाळं

पावसाळ्यात विहिरीला नवं गढूळ पाणी चढलं, की वाडीत कुणा ना कुणाच्या मुलाला जुलाब लागतात आणि घरातलं माणूस आधी माडाकडे बघतं. शहाळं द्यायला हरकत नाही, पण त्यात पोटॅशियम भरपूर आणि सोडियम अगदी कमी. जुलाबातून सोडियम वाहून जातं, त्याची भर शहाळ्यानं होत नाही. भरपूर साखरेचं कोकम सरबत तर टाळाच. जादा साखर आतड्यात पाणी ओढते आणि जुलाब वाढतात.

ओआरएसची, म्हणजे मीठ-साखर-क्षारांची, पुडी आशाताईंकडे किंवा आरोग्य केंद्रात मिळते. मेडिकलमधून घ्यायची तर डब्ल्यूएचओ (जागतिक आरोग्य संघटना) सूत्राची पुडीच मागा. खोक्यातलं फळांच्या चवीचं गोड पेय म्हणजे ओआरएस नव्हे. मोठी पुडी १ लिटर पाण्याची, छोटी २०० मिलिलिटरची. पुडीवर लिहिलेलं असतं, ते वाचाच. पाणी उकळून गार केलेलं हवं. मापाला १ लिटरची बाटली घ्या, तांब्या-पेल्याचा अंदाज चुकतो. चूक बहुतेक इथेच होते: पाणी कमी पडलं तर रक्तातलं मीठ वाढतं, जास्त झालं तर उपयोग उरत नाही. एकदा कालवलेलं २४ तासांनंतर ओतून द्या.

पुडी नसेल तर १ लिटर पाण्यात ६ सपाट चहाचे चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ. आधी स्वतः चाखा. डोळ्यांतल्या पाण्यापेक्षा खारट लागलं तर फेकून पुन्हा करा.

दर पातळ शीनंतर २ वर्षांखालच्या बाळाला ५० ते १०० मिलिलिटर, मोठ्या मुलाला १०० ते २०० मिलिलिटर. उलटी झाली म्हणून थांबवून टाकू नका. १० मिनिटं जाऊ द्या, मग दर दोन-तीन मिनिटांनी एकेक चमचा. तहानलेलं मूल पेला घटाघटा पितं आणि सगळं उलटून टाकतं, म्हणून चमचाच बरा.

अंगावरचं दूध चालूच ठेवा. वरचं खाणाऱ्या मुलाला उकड्या तांदळाची मऊ पेज मीठ घालून, थोडी थोडी, दिवसातून ५-६ वेळा द्या. उपाशी ठेवलं तर आतडं भरून यायला वेळ लागतो.

झिंकची गोळी १४ दिवस: ६ महिन्यांवरच्या मुलाला रोज २० मिलिग्रॅम, २ ते ६ महिन्यांच्या बाळाला १०. चमचाभर पाण्यात किंवा आईच्या दुधात विरघळते. जुलाब थांबले तरी पूर्ण १४ दिवस द्या. पुढचे काही महिने जुलाब पुन्हा लागण्याचा धोका त्यानं कमी होतो. मोठ्यांची जुलाब बंद करायची गोळी मुलाला कधीही देऊ नका.

शीत रक्त, डोळे खोल गेलेले, ६ तास शू नाही, मूल सुस्त किंवा पीतच नाही, पोटाची चिमटीत धरलेली कातडी हळूहळू खाली बसते: यातलं एकही दिसलं तर घरी थांबू नका. २ महिन्यांखालच्या बाळाला तर पहिल्याच जुलाबाला दाखवा. १०८ला फोन करा, नाहीतर मिळेल ती रिक्षा पकडा. वाटेतही, मूल गिळत असेल तोवर, चमच्यानं ओआरएस चालू ठेवा.