कुत्रा किंवा मांजर सारखं खाजवतंय? आधी काहीच चोळू नका

पाऊस सुरू झाला की ओळखीतलं कोणी ना कोणी फोटो पाठवतंच, पाठीवर टक्कल, कान लालभडक, आणि खाली प्रश्न ठरलेला, काय लावू? तर डॉक्टरने बघेपर्यंत काहीच लावू नका. हळद नाही, खोबरेल नाही, आणि कपाटात पडलेली माणसांची ट्यूब तर नाहीच, कारण तिच्यात बऱ्याचदा स्टिरॉइड असतं, दोन दिवस लाली कमी दिसते आणि बुरशी असेल तर ती आतून पसरत राहते. मी हे एकदा करून बसलेय, साधं गजकर्ण होतं ते बरं व्हायला कितीतरी आठवडे गेले.

लावण्याऐवजी नीट बघा. उजेडात बसून केस उलटे करायचे, शेपटीच्या मुळाशी काळे कण दिसले तर ते ओल्या पांढऱ्या टिश्यूवर दाबा, लालसर डाग उतरला तर पिसवा आहेत, तो डाग त्यांनी प्यायलेल्या रक्ताचा असतो. गोचीड कानात आणि पायाच्या बोटांमध्ये लपतात. कानाच्या कडा आणि कोपरं खाजवून सोलली असतील आणि घरातल्यांनाही खाज सुटली असेल तर खरजेचा संशय घ्या. मांजराच्या पिल्लाच्या तोंडावर गोल चट्टा, केस तुटलेले, हे बहुतेक गजकर्ण, आणि ते लहान मुलांना पटकन लागतं. फोटो काढा, कधीपासून आहे, खाणं काय बदललं ते लिहून न्या.

डॉक्टरकडे गेलात की स्क्रॅपिंग करणार का हे विचारा. ब्लेडने कातडी थोडं रक्त दिसेपर्यंत खरवडतात, बघवत नाही मला मान्य आहे, पण डेमोडेक्स नावाचे बारीक किडे केसांच्या मुळाशी असतात, वरवर खरवडून ते सापडत नाहीत. बुरशीच्या कल्चरचा, म्हणजे नमुना घेऊन त्यात बुरशी वाढते का ते बघतात त्याचा, रिपोर्ट यायला दोन-तीन आठवडेही लागतात.

आता जे जिवावर बेततं ते. कुत्र्याचे गोचिडाचे ड्रॉप्स मांजराला कधीच लावू नका, त्यातल्या काहींमध्ये परमेथ्रिन हे कीटकनाशक असतं, मांजराला झटके येतात आणि ते मरूही शकतं. चुकून लागलं तर वाट बघत बसू नका, लगेच दवाखाना गाठा. डेटॉल, फिनेल, टी ट्री ऑइल पण मांजरापासून लांब. रस्त्यावरच्या कुत्र्यांना खरजेसाठी गॅरेजमधलं जळकं ऑइल फासतात लोक, प्लीज नका करू हो, ते चाटून पोटात जातं, कातडीही भाजते. आणि कोली जातीचा कुत्रा असेल तर आयव्हरमेक्टिन हे किडे मारायचं औषध देण्याआधी डॉक्टरला जात आठवणीने सांगा, त्यांच्यातल्या बऱ्याच जणांना ते मेंदूवर चढतं.

औषधी शाम्पू दिला असेल तर फेस अंगावर दहा मिनिटं राहू द्यायचा, लगेच धुतला तर पैसे पाण्यात, आणि नंतर मुळापर्यंत कोरडं करायचं.

घरही बघा, कारण पिसवांची अंडी-अळ्या अंगावर नाही तर चादरीत, सोफ्यात असतात, आणि गोचीड भिंतीच्या फटीत अंडी घालतात. पांघरुणं गरम पाण्यात धुवा, घरातल्या सगळ्या प्राण्यांना एकदमच औषध द्या, प्रत्येकाला त्याच्या वजनाप्रमाणे.

केस परत आले की लोक औषध थांबवतात. डेमोडेक्समध्ये महिन्याच्या अंतराने दोन स्क्रॅपिंग निगेटिव्ह येईपर्यंत चालू ठेवायला सांगतात, तेव्हा पुढची तारीख दवाखान्यातून निघतानाच घेऊन या.