कॉलवरून परत आल्यावर डोकं शांत कसं करायचं (फायर ब्रिगेडच्या नव्या पोरांसाठी)

ट्रेनिंगमध्ये शिडी, होज (पाण्याचा पाइप), बीए सेट (धुरात श्वास घ्यायचा हवेचा सिलिंडर आणि मास्क) सगळं हातात बसेपर्यंत शिकवतात, पण कोसळलेल्या इमारतीच्या ढिगाऱ्यातून लहान मूल बाहेर काढल्यावर त्या रात्री झोप कशी लागायची हे फारसं कुणी सांगत नाही, म्हणून हे लिहितोय. मुंबई आणि आसपासच्या पालिकांमधल्या नव्या जवानांसाठी आहे, पण घरच्यांनी आणि स्टेशन ऑफिसरांनी पण वाचा प्लीज.

१४ एप्रिलला आपण दरवर्षी मानवंदना देतो, १९४४ ला व्हिक्टोरिया डॉकमध्ये फोर्ट स्टिकिन जहाजाचा स्फोट झाला त्यात ६६ जवान गेले. २०१५ ला काळबादेवीच्या गोकुळ निवासच्या आगीत चार अधिकारी गेले. त्यांना विसरायचं नाहीच, पण त्याच जागेवरून जे परत आले आणि पुन्हा ड्युटीवर उभे राहिले त्यांची विचारपूस कुणी केली असेल का, हे माझ्या डोक्यातून जात नाही.

आता कामाचं. घंटा वाजली की छाती धडधडते, तोंड कोरडं पडतं, हे होणारच, शरीर कामाला लागलंय एवढाच त्याचा अर्थ. बंब निघाल्यापासून पोचेपर्यंत चार मोजत श्वास आत घ्या, सहा मोजत सोडा, पाच-सहा वेळा बास. श्वास सावकाश सोडला की ठोके जरा खाली येतात, आणि बीए सेट लावल्यावर दम शांत असेल तर सिलिंडरमधली हवा पण जास्त वेळ पुरते. तेवढ्यात मनात एकच पक्कं करा, उतरल्यावर माझं पहिलं काम कोणतं, हायड्रंट (बंबाला पाणी घ्यायचा नळ), ब्रँच (होजच्या टोकाचा फवारा) की शिडी.

खरा अवघड भाग नंतरचा. आग विझली तरी आपण तासन् तास कूलिंग करतो ना, तसंच माणसाचं पण करावं लागतं. स्टेशनला आल्यावर गिअर काढा, अंघोळ करा, केसातला धुराचा वास दोन-दोनदा धुतला तरी राहतो पण तरी धुवा, पाणी प्या, काहीतरी खा. होज धुऊन वाळत घालणं, सिलिंडर बदलणं ही कामं सगळ्यांनी मिळून करा, हात चालू असले आणि शेजारी आपला माणूस असला की जे बोलायचंय ते आपोआप निघतं. एखादा नुसताच एका जागी बघत बसलाय, हातातला चहा गार झालाय, तर त्याच्या शेजारी जाऊन बसा. "काय वाटतंय सांग" म्हणून मागे लागू नका.

हे मुद्दाम सांगतोय कारण अमेरिकेत जेफ्री मिचेल नावाच्या माणसाने, जो स्वतः फायर सर्व्हिसमध्ये होता, १९८३ मध्ये घटनेनंतर सगळ्यांना बसवून बोलतं करायची पद्धत मांडली आणि ती जगभर पसरली, पण पुढे अभ्यास झाले तेव्हा एकदाच बसवून सगळं बोलायला लावल्याने पीटीएसडी (भयंकर प्रसंगानंतर मनावर राहणारा आघाताचा आजार) टळतो असं काही दिसलं नाही. ज्याला बोलायचंय त्याला बोलू द्या, ज्याला नाही त्याला फक्त एकटं सोडू नका.

"एक पेग मार, झोप लागेल" हा सल्ला कितीही प्रेमाने दिलेला असला तरी घेऊ नका. दारूने डोळा लवकर लागतो पण झोप मोडत राहते आणि सकाळी जास्तच चिडचिड होते. नाइटनंतर घरी गेलात की खोलीत अंधार करा, मोबाइलवर त्याच आगीचे व्हिडिओ परत परत बघू नका, ग्रुपवर आले तरी.

क्वार्टर्समध्ये राहणाऱ्या घरच्यांना बंब गेलेला ऐकू येतो, त्यांचा जीव पण टांगणीला असतो. सगळं सांगायची गरज नाही, "आजचा कॉल वाईट होता, थोडा वेळ गप्प बसतो" एवढं बोला. नाहीतर बायकोला वाटतं आपलंच काहीतरी चुकलं.

पहिले काही दिवस स्वप्नं पडणं, दचकणं, भूक न लागणं होतं आणि बऱ्याच जणांचं हळूहळू कमी होतं. पण महिना उलटला तरी तेच दृश्य डोळ्यांसमोर येतंय, त्या रस्त्याने जायचं टाळताय, पोरांवर विनाकारण ओरडताय, पिणं वाढलंय, तर डॉक्टरकडे जायचं. जीव नकोसा वाटायला लागला तर महिना वगैरे बघायचाच नाही, त्याच दिवशी. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा नंबर १४४१६, २४ तास आणि फुकट. केईएम, सायन, नायरला मानसोपचार ओपीडी आहे. यावर खास उपचार आहेत आणि त्यांनी माणसं बरी होतात.

ऑफिसर साहेबांना एक विनंती. लहान मूल दगावलेला कॉल असेल तर तो मृतदेह ज्याने उचलला त्याला पुढच्या तशाच कॉलला शक्यतो दुसऱ्या कामावर ठेवा, विशेषतः घरी त्याच वयाचं मूल असेल तर. आणि विचारपूस त्याच रात्री करून थांबू नका, तिसऱ्या-चौथ्या दिवशी करा, महिन्याने परत करा, चारचौघांत नको, बाजूला घेऊन.