कोपऱ्यात सारखं ‘व्हायरस सापडला’ दिसतंय?
स्क्रीनच्या उजव्या खालच्या कोपऱ्यात सारखी ‘तुमच्या कॉम्प्युटरमध्ये व्हायरस आहे’ अशी सूचना उगवत असेल, तर घाबरण्याआधी ती नीट वाचा. तिच्यावर बारीक अक्षरात ब्राउझरचं नाव किंवा एखाद्या वेबसाइटचा पत्ता दिसला, तर बहुतेक वेळा तो व्हायरस नसतोच. कधीतरी घाईत ‘अलाउ’ दाबलं गेलेलं असतं आणि त्या साइटला नोटिफिकेशन पाठवायची मोकळीक मिळालेली असते. ब्राउझरच्या सेटिंग्जमध्ये नोटिफिकेशनची यादी उघडा आणि ओळखीची नसलेली प्रत्येक साइट काढून टाका. सूचनेतल्या नंबरवर फोन मात्र चुकूनही करू नका.

एवढं करूनही कटकट थांबली नाही, तर विंडोज १० आणि ११ मध्ये ‘विंडोज सिक्युरिटी’च्या स्कॅन ऑप्शन्समध्ये डिफेंडरचा (विंडोजसोबतच येणाऱ्या अँटिव्हायरसचा) ऑफलाइन स्कॅन असतो. तो कॉम्प्युटर रीस्टार्ट करून विंडोज सुरू व्हायच्या आधीच तपासणी करतो, म्हणून लपून बसलेल्या मालवेअरला (व्हायरससारख्या घातक प्रोग्रामला) सहसा आडवं येता येत नाही. साधारण १५ मिनिटं लागतात. उघड्या फाइली आधी सेव्ह करा. एकावर एक अँटिव्हायरस टाकायच्या फंदात पडू नका, ते एकमेकांच्याच पायात पाय घालतात (आणि मशीन आणखी रखडतं). स्कॅनमध्ये काही सापडलं, तर पासवर्ड बदला, पण ते दुसऱ्या, खात्रीच्या मोबाइल किंवा कॉम्प्युटरवरून, ईमेलचा सगळ्यात आधी.