पिकअपच्या हौद्यातले घरगुती जुगाड : या चुका टाळा

दोन फळ्या आडव्या टाकल्या, चार कड्या ठोकल्या, दोरी ओढली की झालं काम, असं वाटतं. बऱ्याचदा होतंही. घरचा जुगाड फसतो तो बहुतेक वेळा एकाच घोळामुळे. सामान वेगवेगळं ठेवणं हे एक काम आणि ते धरून ठेवणं हे दुसरं. पहिल्या कामाला उरलेला प्लाय, प्लास्टिकचे क्रेट, जुना पाइप, काहीही चालतं. दुसऱ्या कामात पैसे वाचवायला गेलं की सामान रस्त्यावर येतं.

बंजीवर जड पेटी सोपवणं

बंजी म्हणजे दोन टोकांना हूक असलेली रबरी दोरी. तिचा स्वभावच ताणला जाण्याचा. ताडपत्री दाबून ठेवायला ती छान, पण ब्रेक लागला की जड पेटी तिला घेऊन पुढे सरकते. शिवाय ओढताना हूक निसटला तर तो थेट डोळ्यावर येतो. जडाला रॅचेटचा, म्हणजे दांडी मागेपुढे करून आवळायचा पट्टाच हवा. त्यावर तुटण्याचा आणि वापराचा असे दोन आकडे दिलेले असतात. मोठा आकडा पाहून खूश होऊ नका, वापराचा भार साधारण त्याच्या एक तृतीयांशच असतो. साधी दोरी वापरत असाल तर गाठ मारली की तिची ताकद निम्म्यापर्यंत उतरू शकते, हेही धरून चाला.

माल बांधण्याच्या युरोप-अमेरिकेतल्या नियमांत पुढच्या दिशेला वजनाच्या 0.8 पट आणि बाजूंना व मागे 0.5 पट जोर धरतात. म्हणजे 100 किलोची पेटी जोराच्या ब्रेकला 80 किलोच्या धक्क्याने पुढे जाऊ पाहते. यावर फुकटचा उपाय आहे : पेटी हौद्याच्या पुढच्या भिंतीला टेकवून ठेवा आणि खाली रबरी मॅट टाका. पट्टा जितका आडवा तितका तो पेटीला कमी दाबतो. तळाशी 30 अंशांचाच कोन असेल तर ताणाच्या निम्माच जोर खाली लागतो.

दिसेल तिथे भोक पाडणं

माझ्या मते सगळ्यात महागात पडणारी चूक हीच. हौद्याखाली डिझेलची टाकी, ब्रेकची नळी, वायरिंग असतं. ड्रिल लावण्याआधी गाडीखाली वाकून बघा. पातळ पत्र्यात नुसता स्क्रू पिळला तर तो धक्क्यांनी हळूहळू सैल होतो आणि एक दिवस कडीसकट उपटून येतो. आरपार बोल्ट, खाली रुंद वायसर किंवा पट्टी आणि लॉकनट (धक्क्यांनी सैल न होणारा नट) घाला. भोकाच्या उघड्या कडेला लगेच प्रायमर लावा, नाहीतर गंज तिथूनच सुरू होतो. हौदा ॲल्युमिनियमचा असेल तर लोखंडी बोल्टाभोवती ओल साचून ॲल्युमिनियम खाल्लं जातं, तिथे मध्ये रबर किंवा प्लास्टिकचा वायसर हवा.

खरं तर पुष्कळदा भोक लागतच नाही. बऱ्याच हौद्यांच्या कडांना खुंट उभे करायला चौकोनी खोबण्या असतात. त्यांत खुंट बसवून आडवी फळी घातली की कप्पे तयार. फक्त खुंट अगदी घट्ट बसवू नका. पावसात लाकूड जाडीत फुगतं, मग हातोडी घेऊनही निघत नाही.

बाकी किरकोळ

पीव्हीसीच्या पाइपात सळया, गज ठेवता येतात, पण त्यावर भार टांगू नका. कडक उन्हात तो मऊ पडतो, थंडीत ठिसूळ होतो. मॅट किंवा प्लाय टाकताना पाणी निघायची भोकं झाकली जाणार नाहीत एवढं पाहा. जुगाडाचं वजनही गाडीच्या भारक्षमतेतूनच वजा होतं : 18 मिलिमीटर जाडीचा 8 बाय 4 फुटी प्लाय तीस किलोच्या आसपास भरतो, आणि 200 लिटरच्या भरलेल्या पिंपातलं पाणीच 200 किलो.

पेट्रोलचा कॅन मात्र हौद्यातल्या प्लास्टिकच्या अस्तरावर ठेवून कधीच भरू नका. स्थिर विजेला जमिनीत उतरायला वाट मिळत नाही आणि ठिणगी पडू शकते. तो खाली जमिनीवर उतरवूनच भरायचा.

पट्टा फडफडून आवाज करत असेल तर त्याला एक पीळ द्या, फडफड थांबते. पट्टा पुन्हा पुन्हा सैल होत असेल तर रॅचेटला दोष देण्याआधी सामान बघा. पोती, खोकी हादऱ्यांनी बसतात आणि ताण गळतो. पहिल्या दहा-पंधरा किलोमीटरवर थांबून परत आवळा. तरीही सैल झालाच, तर तो एखाद्या धारदार कडेवर घासून कापला जातोय का, ते बोट फिरवून पाहा.